युद्धाची मर्यादाही सांगा : नागपुरातील धर्मपीठांवरून बोलणाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय कीर्तनकार बुवा, प्रवचनकार मंडळी, पूज्य भन्तेजी, मौलानासाहेब, फादर, पास्टर, ग्यानीजी, मुनिश्री आणि साध्वीजी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बोलता ते या शहरात ऐकले जाते. महालात सप्ताह बसला की मंडपाबाहेर चपलांचा ढीग लागतो. मोमिनपुऱ्यात जुम्म्याच्या नमाजाला गर्दी मावत नाही. वर्षावासात इंदोऱ्याच्या विहारात धम्मदेसना असली की आयाबाया स्वयंपाक लवकर आटोपून पुढची जागा धरतात. पुढाऱ्याचे भाषण सभा उठली की संपते. तुमचे वाक्य घरी पोचते, जेवताना पुन्हा निघते, पोरांच्या कानावर पडते. म्हणून हे पत्र तुम्हाला. सगळ्यांना एकत्र लिहितो आहे, कारण कुणा एकाला लिहिले असते तर बोट त्या एकाकडेच दाखवले असे झाले असते, आणि माझे म्हणणे सगळ्यांना सारखेच लागू आहे.

२२ एप्रिल २०२५ ला काश्मिरातल्या पहलगामच्या बैसरन कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांना मारले. धर्म विचारून मारले. पर्यटकांना वाचवायला धावलेला तिथलाच एक मुसलमान घोडेवालाही त्यांत गेला. ६-७ मेच्या मध्यरात्रीनंतर आपल्या सैन्याने उत्तर दिले आणि १० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबल्याची घोषणा झाली. त्या मधल्या दिवसांत मी शहरातल्या एका प्रवचनाला बसलो होतो. वक्ते व्यासंगी, वाणी शुद्ध, दीड तास कुणी हलले नाही. शेवटी ते म्हणाले, "आता तिकडचा एकही वाचता कामा नये." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एक आजीबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होते. एकही म्हणजे कोण कोण? तिकडच्या आजीच्या मांडीवरची नातही त्यात धरायची का? वक्त्यांच्या मनात तसे नसणार, याची मला खात्री आहे. पण तसे नाही हे ते बोलले नाहीत. व्यासपीठावरून जे बोलले जात नाही ते श्रोत्याने समजून घ्यावे, ही अपेक्षा फार मोठी आहे, आणि रागाच्या दिवसांत तर ती पुरी होतच नाही.

माझी विनंती एवढीच आहे. युद्ध का करावे हे तुम्ही सांगता. युद्धातही काय करू नये, कुणाला हात लावू नये, हे त्याच दिवशी आणि त्याच चढ्या आवाजात सांगा.

हे लिहिणारा माणूस युद्धाच्या नावाने कानावर हात ठेवणाऱ्यांतला नाही. माझी उमेदीची वर्षे अंबाझरीच्या आयुध निर्माणीत गेली. आम्ही तिला नुसते 'डिफेन्स' म्हणतो. तोफगोळ्यांची कवचे माझ्या हाताखालून गेली आहेत. देशाला सैन्य लागते, सैन्याला गोळा लागतो, आणि तो गोळा नीट बनलेला लागतो, नाहीतर तो आपल्याच तोफेत फुटतो, याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन ८ कामगार गेले. सीमेपासून इतक्या दूर, शांततेच्या काळात. दारूगोळा काय चीज आहे हे विदर्भातल्या घरांना कुणी शिकवायची गरज नाही.

आमच्याकडे कवच तपासायला गो-नोगो गेज असायचे. गेजची गो बाजू कवचावरून सरकली पाहिजे आणि नोगो बाजू अडली पाहिजे. नवी पोरे घाईत गो बाजू सरकली की माल पास करायची. मग आमचे जुने मिस्त्री ओरडायचे, "अर्धीच तपासणी करून राहिला का बाप्पा?" दुसरी बाजू लावल्याशिवाय माल पुढे जायचा नाही. धर्मांनी युद्धाची तपासणीही अशीच दोन्ही बाजूंनी सांगितली आहे असे मला माझ्या वाचनात दिसत आले. लढणे केव्हा रास्त, ही एक बाजू. लढताना कुठे थांबायचे, ही दुसरी. एकही परंपरा मला अशी सापडली नाही जिने पहिली सांगितली आणि दुसरी सोडली. सोडतो तो आजचा वक्ता.

बुवा, आधी तुमच्याकडे येतो, कारण महाभारत तुमच्या हातात आहे. उत्तररंगाला, म्हणजे कीर्तनाच्या कथेच्या भागात, तुम्ही कृष्णशिष्टाई लावता, अभिमन्यूचा वध लावता, 'संभवामि युगे युगे' म्हणता तेव्हा अंगावर काटा येतो. सौप्तिक पर्व मात्र मी कीर्तनात क्वचितच ऐकले. अठरा दिवस संपले आहेत. दुर्योधन मांडी मोडून पडला आहे. रात्री झाडाखाली अश्वत्थामा जागा आहे, कृप आणि कृतवर्मा झोपले आहेत. वर कावळे झोपलेत आणि एक घुबड येऊन त्यांना एकेक करून मारते आहे. ते पाहून अश्वत्थाम्याला युक्ती सुचते. तो मामाला, म्हणजे कृपाला, उठवतो. कृपाचार्य समजावतात की झोपलेल्यांना, शस्त्र टाकलेल्यांना मारणे धर्मात बसत नाही, रात्रभर थांब, सकाळी समोरासमोर लढू. त्यावर अश्वत्थामा जे उत्तर देतो ते आज आपल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऐकायला मिळते. तो म्हणतो, धर्माचा बांध त्यांनीच आधी शंभर ठिकाणी फोडला. माझ्या बापाला शस्त्र खाली ठेवायला लावून मारले. कर्णाचे चाक रुतलेले असताना त्याला मारले. दुर्योधनाच्या मांडीवर गदा घातली. आता मलाच का धर्म सांगता?

आणि त्याचे म्हणणे खरे आहे! व्यासांनी ते खोटे पाडलेले नाही. 'नरो वा कुंजरो वा' झालेच होते, आणि त्या क्षणी धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली टेकला हेही त्याच ग्रंथात आहे. आपल्या बाजूचे पाप लपवायची व्यासांना गरज वाटली नाही. पण 'त्यांनी आधी मोडले' हा युक्तिवाद पुढे कुठे जातो तेही त्यांनी दाखवले. त्याच रात्री झोपलेल्या छावणीत घुसून अश्वत्थामा द्रौपदीच्या पाचही पोरांना मारतो. पुढे तो जे अस्त्र सोडतो ते उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर वळवतो. अर्जुनानेही अस्त्र सोडलेले असते, पण व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात तेव्हा तो ते परत घेतो. अश्वत्थाम्याला परत घेता येत नाही. सोडायची विद्या दोघांनाही होती. शत्रू मर्यादा पाळत नाही मग आपण का पाळायची, हा प्रश्न तुम्हाला मंडपात कुणीतरी विचारणारच. त्याचे उत्तर मी देण्याची गरज नाही, ते तुमच्या पोथीत तीन हजार वर्षांच्या अनुभवासारखे पडून आहे. एकदा उत्तररंगाला लावून बघा. रंगेल, आणि लोक घरी जाऊन बोलतील.

यानंतर जे लिहितो आहे ते नागपूरकरांना टोचेल. मला स्वतःला टोचते, पण ते आपल्या घरचे आहे. सेनासाहेबसुभा रघूजी भोसल्यांचा वाडा ज्या महालात होता, तिथूनच १७४२ पासून जवळपास दहा वर्षे बंगाल-ओरिसावर स्वाऱ्या गेल्या. भास्करराम कोल्हटकर त्या फौजेचे पुढारी. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने त्यांना तहाच्या बोलणीला बोलावून दगाबाजीने मारले, हे आपण शाळेत शिकतो आणि संतापतो. संताप रास्तच आहे. १७५१ च्या तहात बंगालची १२ लाखांची चौथ ठरली, हेही अभिमानाने सांगतो. पण गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात लिहिलेल्या काव्यात आपली फौज गावात शिरते तेव्हाचे वर्णन आहे. घरे पेटतात, बायका धरल्या जातात, पैसे निघाले नाहीत की माणसांचे हाल केले जातात. त्या कवीने कथा कशी रचली बघा. सुरुवातीला तो म्हणतो की लोकांची पापे वाढली म्हणून देवानेच ही फौज पाठवली. म्हणजे युद्धाला दैवी मान्यता आहे. मग ही फौज साधूब्राह्मण, वैष्णव आणि बायका यांच्यावर हात टाकते, आणि तेव्हा देवी भास्करपंतांच्या विरोधात जाते. ज्याला युद्धाची आज्ञा मिळाली त्याने मर्यादा मोडली की आज्ञा परत घेतली जाते, हा विचार त्या कवीला आपल्या फौजेकडे बघून सुचला.

आमच्या डिफेन्सच्या क्वार्टरमध्ये शेजारी बंगाली कुटुंब होते. वहिनी मुलाला निजवताना एक अंगाई म्हणायच्या. मी एकदा अर्थ विचारला. त्या थोड्या अवघडल्या, मग म्हणाल्या, "भाऊ, हे तुमच्याबद्दलच आहे." बाळ झोपले, आळी शांत झाली, बर्गी देशात आले; पाखरांनी धान खाल्ले, आता शेतसारा कशाने भरायचा, असे ते गाणे. बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. पावणेतीनशे वर्षे झाली, बंगालमधल्या आया अजून पोरांना आपल्या नावाने झोपवतात. ज्या शिवछत्रपतींनी रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका अशी ताकीद आपल्या माणसांना दिली, त्यांना जाऊन तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. मर्यादा एका पिढीने सांगितली म्हणून पुढच्या पिढीच्या अंगी आपोआप येत नाही. ती पुन्हा पुन्हा सांगावी लागते, आणि सांगणाऱ्याची जागा तुमची आहे.

भन्तेजी, तुमच्यापुढे तर दीक्षाभूमीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्म दिला. ते त्यांनी अशोकाच्या विजयादशमीला दिले, म्हणजे जिंकल्यानंतर शस्त्र खाली ठेवणाऱ्या राजाची आठवण त्या दिवसाला जोडली. कलिंगाच्या युद्धानंतरचा अशोकाचा तेरावा शिलालेख मला सगळ्या जगाच्या युद्धसाहित्यात एकटा वाटतो. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख तिथे मारली गेली, त्याहून कितीतरी पट नंतर मेली. हे आकडे हरलेल्यांनी तक्रार म्हणून लिहिलेले नाहीत, जिंकलेल्या राजाने पश्चात्ताप म्हणून दगडावर कोरले. मारल्या गेलेल्यांच्या आप्तांना, मित्रांना जे दुःख झाले त्याचाही उल्लेख आहे. त्याच लेखात जंगलातल्या लोकांना त्याने बजावलेही आहे की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्याकडे शिक्षा करायची ताकद आहे. काहींना ही विसंगती वाटते. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. राज्य सोडून तो वनात गेला नाही, राज्य करता करता तो स्वतःला आवरत होता.

पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीचा जो प्रसंग सांगितला आहे, तो युद्धाच्या दिवसांत विहाराविहारांत वाचला जावा असे मला मनापासून वाटते. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून मारामारी होते. शाक्यांचा सेनापती संघाची सभा बोलावून युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ उठतो. त्याचा पहिलाच मुद्दा असा की आपल्या माणसांनीही आगळीक केली आहे असे मी ऐकतो, तसे असेल तर आपणही दोषमुक्त नाही. सेनापती ते नाकारत नाही. तो म्हणतो, हो, पण पाणी घ्यायची पाळी आपली होती. सिद्धार्थ उपाय सुचवतो की दोन्हीकडून दोन दोन माणसे निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. मतदान होते. सिद्धार्थ मोठ्या फरकाने हरतो. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव येतो तेव्हा तो सांगतो की मी भरती होणार नाही. त्याची शिक्षा देहान्त किंवा देशत्याग, आणि घरच्यांची जमीन जप्त. घरच्यांना झळ बसू नये म्हणून तो परिव्रज्या, म्हणजे घर सोडून संन्यास, पत्करतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली. बाबासाहेबांनी त्याऐवजी सभागृहात उभा राहून 'आपली चूक किती?' असे विचारणारा तरुण दाखवला. बहुमत समोर असताना, आवाज न चढवता. आज आपल्याकडे असा कुणी उभा राहिला तर त्याला आपण काय म्हणू, हे तुम्ही उपासकांना विचारावे.

आणि हेच बाबासाहेब दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून झटले. त्यांनीच वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद पुढे आणून दाखवले की तथागतांनी न्यायासाठीचे बळ सरसकट वर्ज्य केलेले नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. हे दोन्ही एकत्र सांगितले तरच धम्माची बाजू पुरी होते. एकच सांगून कुणी बुद्धाला भाबडा ठरवते, कुणी त्याला सैन्यभरतीच्या फलकावर चढवते.

मौलानासाहेब, पहलगाममध्ये मारेकऱ्यांनी तुमच्या धर्माचे नाव घेतले. काश्मीरच्या मशिदींच्या भोंग्यांवरून त्याचा निषेध झाला, देशभर जुम्म्याला काळ्या फिती लावल्या गेल्या, हे मी पाहिले आणि त्याची नोंद इथे ठेवतो. निषेधाच्या पुढचे एक पाऊल मी मागतो आहे. तुमच्या पोरांना मर्यादेचे वचन तोंडपाठ असू द्या. जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा पण हद्द ओलांडू नका, हद्द ओलांडणारे अल्लाहला आवडत नाहीत, असे कुराणात आहे. शत्रू सलोख्याकडे झुकला तर तुम्हीही झुका, असेही आहे. पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनी शामच्या, म्हणजे सीरियाच्या, मोहिमेवर निघालेल्या फौजेला दिलेली ताकीद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबून पुन्हा वाचली. बाई, मूल, म्हातारा यांना मारायचे नाही. फळाचे झाड तोडायचे नाही. खाण्यापुरते सोडून जनावर कापायचे नाही. मठात बसलेल्या साधूंना त्यांच्या जागी राहू द्यायचे. सातव्या शतकात, निघालेल्या फौजेच्या तोंडावर! बैसरनच्या कुरणात बंदूक घेऊन आलेल्यांना ही ताकीद कुणी शिकवली नव्हती, किंवा शिकवली असेल तर ती त्यांनी पायाखाली घातली. तुमच्या मोहल्ल्यातल्या एकाही पोराच्या बाबतीत पहिली गोष्ट खरी ठरू नये.

ग्यानीजी, तुमच्या परंपरेत तर या विषयाचे अख्खे चित्र आहे. आनंदपूरला वेढा पडलेला, पाणी दुर्मीळ. भाई कन्हैया मशक घेऊन रणात फिरतो आणि पडलेल्या प्रत्येकाला पाणी पाजतो, मोगल सैनिकालाही. शीख चिडून गुरू गोविंदसिंगांकडे तक्रार नेतात की आम्ही पाडतो आणि हा उठवतो. गुरू त्याला बोलावून विचारतात. तो सांगतो की मला तिथे शत्रू आणि मित्र दिसत नाहीत, सगळ्यांच्यात तुम्हीच दिसता. गुरू त्याला पाण्यासोबत मलमही देतात, जखमांना लावायला. आणि हेच गुरू 'जफरनामा'त औरंगजेबाला लिहितात की सगळे उपाय थकले की तलवार उचलणे रास्त आहे. तलवार आणि मलम एकाच माणसाच्या हातून निघाले. गुरुद्वाऱ्यात ही साखी तुम्ही सांगताच. माझी विनंती इतकीच की ती शांततेच्या दिवसांपुरती ठेवू नका.

मुनिश्री, इतवारीतल्या तुमच्या श्रावकांना संकल्पी, आरंभी (घरकामातली), उद्योगी (धंद्यातली) आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार ठाऊक आहेत. स्वसंरक्षणात घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही हे तुम्ही मान्य केले, आणि मुद्दाम, ठरवून केलेली संकल्पी हिंसा कुणालाच माफ केली नाही. मोबाइलवर बसून दुसऱ्याच्या मरणाची इच्छा करणे यातल्या कोणत्या प्रकारात येते, हे तुम्ही सांगावे. फादर, संत ऑगस्टीन यांनी लिहिले की युद्धातले खरे पाप म्हणजे क्रौर्याची आवड आणि सूडाची तहान. संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धाला तीन अटी घातल्या. ते योग्य सत्तेने पुकारलेले असावे, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. तिसरी अट पहिल्या दोहोंइतकीच सक्तीची आहे, हे रविवारी एकदा सांगा.

धर्मग्रंथाचा आधार न घेताही हेच म्हटले गेले. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ मध्ये कायमच्या शांततेवर छोटे पुस्तक लिहिले. त्यात एक अट आहे की युद्धात असे काही करू नका ज्यामुळे नंतर तह करायला लागणारा विश्वासच उरणार नाही. विषप्रयोग, मारेकरी पाठवणे, दिलेला शब्द मोडणे ही त्याची उदाहरणे. अलीवर्दीच्या तंबूत नेमके तेच घडले होते. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणात हजारो जखमी तसेच तडफडताना पाहून आंरी द्यूनां हा व्यापारी हादरला, त्यातून रेडक्रॉस उभी राहिली, आणि १९४९ चे चार जिनिव्हा करार त्याच वाटेवरचे आहेत. आपल्या देशाने १९६० मध्ये त्यांचा कायदा केला.

कुणी म्हणेल, असे बोलल्याने जवानांचे मनोबल खचते. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे, वायुसेनानगर आहे, या शहरातली कितीतरी घरे गणवेशातली आहेत. कुठल्याही जवानाला विचारा. शरण आलेल्याला मारायचे नाही, दवाखान्यावर आणि प्रार्थनास्थळावर नेम धरायचा नाही, हे त्याला शिकवलेले असते. मर्यादा त्याला माहीत आहे. माहीत नाही ती घरी बसलेल्या आपल्याला. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात आले, आणि पुढे ते परत गेले. त्या विजयाचा अभिमान सांगताना पराक्रमाइतकाच कैद्यांना परत पाठवण्याचाही सांगावा असे मला वाटते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले आणि १९६२ व १९६५ च्या युद्धांत सीमेवर जाऊन जवानांना धीरही देऊन आले. खंजिरी तीच होती. शांतता मागणे आणि जवानाच्या पाठीशी उभे राहणे यांत त्यांना कधी भांडण दिसले नाही.

आणि ज्याला कुठलेच युद्ध मान्य नाही, त्यालाही जागा असू द्या. १७ ऑक्टोबर १९४० ला इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर पवनारला विनोबांनी युद्धाला माणूस किंवा पैसा देणे चूक आहे असे जाहीरपणे सांगितले. ते वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही होते आणि त्यासाठी तुरुंगात गेले. मी त्यांच्याशी सहमत नाही, मी गोळे बनवले आहेत. पण अशा माणसाला देशद्रोही म्हणणाऱ्या व्यासपीठावर मी बसणार नाही.

मर्यादा फक्त रणांगणावरची नसते, म्हणून आणखी दोन गोष्टी. मे २०२५ मध्ये पूंछला पाकिस्तानी तोफमाऱ्यात एका मदरशातला शिक्षक मेला. आपल्याच काही वाहिन्यांनी त्याला दहशतवादी म्हणून दाखवले आणि तिथल्या पोलिसांना खुलासा करावा लागला. शत्रूच्या गोळ्याने मेलेल्या आपल्या माणसाला आपणच शत्रू ठरवले. पहलगाममध्ये नवरा गमावलेल्या एका तरुण स्त्रीने, काश्मिरींवर आणि मुसलमानांवर राग काढू नका, आम्हाला न्याय आणि शांतता हवी, असे म्हटले, तर तिच्यावर समाजमाध्यमांत चिखलफेक झाली. जिचे सर्वस्व गेले ती मर्यादा सांगत होती, आणि ज्यांचे काहीच गेले नव्हते ते तिला शिव्या घालत होते. त्या आठवड्यात नागपुरातल्या किती पीठांवरून तिच्या बाजूने एक वाक्य बोलले गेले? मला एकही ऐकू आले नाही. कुणी बोलले असेल तर मी त्यांचे पाय धरीन.

आता नेमके काय करावे ते सांगतो. येत्या विजयादशमीला या शहरात एकाच दिवशी शस्त्रपूजनही होईल आणि दीक्षाभूमीवर लाखो लोकही येतील. आदल्या दिवशी खंडेनवमीला आमच्यासारखे कामगार मशीनला हळदकुंकू वाहतील. त्या आठवड्यात तुम्ही प्रत्येकाने आपापल्या जागी एक प्रवचन, एक खुतबा, एक देसना, एक रविवारचा उपदेश फक्त या विषयावर द्यावा. आपल्याच ग्रंथातून द्यावा, दुसऱ्याच्या धर्माची मर्यादा दुसऱ्याला सांगू नये. आपल्या लोकांनी ती कधी मोडली, त्याचे एक उदाहरण त्यात असावे. बुवांनी सौप्तिक लावावे, आणि बर्गींची गोष्ट महालातच सांगितली जावी. नंतर पुन्हा सीमेवर तोफा सुरू झाल्या, त्या होऊ नयेत पण झाल्याच, तर पहिल्याच दिवशी हेच पुन्हा बोलावे. कारण तेव्हा लोक सर्वांत जास्त कान देऊन ऐकत असतात.

शक्य असेल तर शहरातल्या सगळ्या पीठांचे प्रतिनिधी एकदा एकत्र बसून 'कुणाला मारू नये' एवढ्या एकाच मुद्द्यावर पानभर निवेदन लिहून ठेवावे. बाकी सगळ्यावर मतभेद राहू द्या. हे पान आधीच लिहिलेले असले तर त्या दिवसांत शब्द शोधत बसावे लागणार नाही. बैठकीसाठी जागा लागली तर वाडीकडचे आमचे निवृत्त कामगारांचे छोटे सभागृह मोकळे आहे. चहाची आणि सतरंजीची जबाबदारी माझी. ज्यांना यायचे असेल त्यांनी दिवाळीच्या आधी कळवावे, म्हणजे सगळ्यांना सोयीचा वार काढता येईल. शुक्रवार आणि रविवार मी आधीच सोडले आहेत.

आपला,
अंबाझरी आयुध निर्माणीतील एक निवृत्त कामगार
नागपूर